जुनी जिप्सी घेताय? कार्ब की एमपीएफआय, दोन्ही चिखलात घालून झाल्यावरचं मत

पुण्यात मारुतीची जुनी जिप्सी शोधायला लागलं की पहिल्याच फोनवर समोरचा विचारतो, कार्ब पाहिजे का एमपीएफआय, आणि आपण म्हटलं तुम्हीच सांगा, की त्याच्या दारात जी उभी असेल तिचं कौतुक सुरू. म्हणून हा रिव्ह्यू लिहितोय. कार्ब म्हणजे कार्ब्युरेटर, हवेच्या ओढीनं पेट्रोल मिसळणारं जुनं यांत्रिक उपकरण, आणि एमपीएफआय म्हणजे कॉम्प्युटरच्या हिशोबानं प्रत्येक सिलिंडरला पेट्रोल फवारणारं इंजेक्शन. माझ्याकडं कार्बवाली जिप्सी किंग आहे, मेव्हण्याकडं एमपीएफआय, पावसाळ्यात मुळशी, वेल्हे, पानशेतच्या मागची बाजू असं दोघं मिळून फिरतो आणि मधेच गाड्या बदलून चालवतो. ज्यांना फक्त एफसी रोडला टप काढून फिरवायचीय त्यांनी कुठलीही घ्या, रंग बघून घ्या, काही बिघडत नाही.

थोडा इतिहास, कारण विकणारे यातच गंडवतात. 1985 ला जिप्सी आली ती 970 सीसीची, 45 च्या आसपास बीएचपी. 1996 ला किंग आली, 1.3 लिटर, कार्बच, 60 बीएचपी. 2000 साली त्याच 1.3 ला 16 व्हॉल्व्हचं हेड आणि एमपीएफआय आलं आणि आकडा 80 वर गेला. आता लोक म्हणतात बघा इंजेक्शनमुळं 20 बीएचपी वाढले. अहो त्यातला मोठा वाटा व्हॉल्व्हचा आहे, हेडच वेगळं आहे. त्यामुळं पिकअपवरून कार्ब वाईट ठरवू नका, कार्बला नावं ठेवायला दुसरी कारणं भरपूर आहेत.

सगळ्यात मोठं कारण म्हणजे चढ. कार्बमध्ये एक छोटी वाटी असते, फ्लोट चेंबर, त्यात पेट्रोलची लेव्हल ठरलेली, फ्लोट वर आला की नीडल बंद, खाली गेला की उघडी. सपाटीला झकास चालतं. पण गाडी तिरकी झाली की वाटीतलं पेट्रोल एका कडेला जाऊन बसतं, मग एक तर जेट, म्हणजे पेट्रोल जायचं बारीक भोक, उघडा पडून इंजिन उपाशी राहतं नाहीतर पेट्रोल नको तिथून आत सांडून इंजिन फ्लड होतं, कुठल्या बाजूला कललं की काय होणार हे कार्ब कसा बसवलाय त्यावर अवलंबून.

हे वाचायला सोपं वाटतं. प्रत्यक्षात काय होतं, तुम्ही फोर लोमध्ये (चारही चाकांना जोर, सगळ्यात हळू गिअर) फर्स्ट टाकून चढताय, नाक आभाळाकडं, बॉनेटच्या पलीकडं काही दिसत नाही, शेजारचा खिडकीतून मान काढून डावं घे डावं घे ओरडतोय, आणि बरोबर मोक्याच्या जागी इंजिन भुक भुक करून बंद. इंजिन बंद म्हणजे ब्रेकला जोर देणाऱ्या बूस्टरला व्हॅक्यूम मिळायचं बंद, दोन-तीन पंप मारेपर्यंत ब्रेक नीट लागतो, नंतर पेडल दगडासारखं. अशा वेळी क्लच दाबून गाडी मागं सोडायची नाही म्हणजे नाही. ब्रेक धरून रिव्हर्स टाकायचा, क्लच पूर्ण सोडायचा, स्टिअरिंग सरळ, ब्रेक हळूहळू सोडून गिअरवर वजन येऊ द्यायचं आणि गिअरमध्येच सेल्फ मारायचा, गाडी इंजिनवर धरून मागं उतरते. नवीन लोकांना हे आधी सपाटीवर शिकवा. आणि फ्लड झालेल्या कार्बला त्या तिरक्या अवस्थेत स्टार्ट करणं म्हणजे बॅटरीची परीक्षा, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून धरायचा, पंप करायचा नाही, आणि वाट बघायची.

मेव्हण्याची गाडी त्याच चढावर गुणगुणत वर जाते. इंजेक्टरला पेट्रोल प्रेशरनं येतं, गाडी कशी का तिरकी असेना त्याला फरक पडत नाही, टाकीत पेट्रोल तेवढं हवं, कारण टाकीत पाव भाग असताना फार कललं की टाकीतला पंपसुद्धा हवा ओढतो. दुसरी एक गोष्ट कुणी बोलत नाही ती म्हणजे आयडलिंग. एमपीएफआयला लोड आला आणि आरपीएम पडायला लागले की ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, स्वतः हवा वाढवून इंजिन धरून ठेवतो, त्यामुळं फर्स्ट लोमध्ये पाय सगळ्या पेडलवरून काढून दगडांवरून रांगत नेता येते. कार्बमध्ये तुमचा उजवा पाय हाच ईसीयू. शिकायला चांगलं आहे, पण दिवसभर खडकातून चालवून संध्याकाळी परत चांदणी चौकाच्या ट्रॅफिकमध्ये यायचं असेल तेव्हा कळतं.

कार्बच्या बाजूनं एक मात्र मान्य, थ्रॉटल मऊ आहे. खड्ड्यात पाय हलला तरी गाडी झटका देत नाही. एमपीएफआय जरा तिखट आहे, चिखलात पाय जपून ठेवावा लागतो.

आता तो नेहमीचा मुद्दा, कार्ब कुठंही रिपेअर होतो. हो, होतो. जेटमध्ये कचरा आला तर स्क्रूड्रायव्हर आणि फुंकर एवढ्यावर काम होतं. इंजिनवरचा मेकॅनिकल पंप गेला तर वरून ग्रॅव्हिटीनं कार्बला पेट्रोल सोडून गावापर्यंत येणारे लोक आहेत, कारण कार्बला प्रेशर लागतंच किती, जेमतेम पाव बार. (बॉनेटखाली गरम इंजिनाशेजारी पेट्रोलची बाटली बांधणं म्हणजे आगीला आमंत्रण, करताना शहाण्यासारखं करा किंवा सरळ टो करा.) एमपीएफआयला अडीच-तीन बार लागतात, तिथं बाटलीचा जुगाड चालत नाही, पंप गेला की गाडी गेली, दोरी काढा.

पण राव, कार्ब जुळवणारा माणूस कुठाय आता? नव्या पोरांना स्कॅनर लावता येतो, कानानं मिक्श्चर लावता येत नाही. जुने मिस्त्री आहेत, नाना पेठेच्या आसपास विचारलं तर सापडतात, पण त्यातले बरेच आता "ठेवून जा, बघतो" मोडमध्ये असतात आणि चार दिवसांनी फोन केला की गाडी तशीच उभी. कार्ब दुरुस्तीचा किट मिळतो, पण कुठल्या दर्जाचा मिळेल याचा भरवसा नाही. शिवाय किटनं सगळं बरं होत नाही, थ्रॉटलचा शाफ्ट घासला असेल तर तिथून हवा ओढली जाते आणि मग तुम्ही जन्मभर आयडलचा स्क्रू फिरवत बसता.

आणि एप्रिल-मे. पुण्यात चाळीसला टेकलं की कार्बवाल्या गाडीला फर्स्ट लोमध्ये तासभर रांगवून बघा. पंप इंजिनवर, लाइन गरम, पेट्रोलची वाफ होते आणि गाडी चढावर दम टाकते. ओलं फडकं पंपावर टाकून सावलीत बसायचं. एमपीएफआयमध्ये पंप टाकीत आणि लाइन प्रेशरखाली, त्यामुळं हा त्रास मला तरी दिसलेला नाही.

ई20 चा, म्हणजे 20 टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलचा, मुद्दा नवा आहे आणि महत्त्वाचा आहे. पेट्रोलला साधारण 14.7 भाग हवा लागते, इथेनॉलला 9 च्या आसपास, म्हणजे 20 टक्के इथेनॉल आलं की जुन्या जेटिंगवर कार्ब लीन चालतो (हवेच्या मानानं पेट्रोल कमी पडतं), गाडी गरम होते, मिसिंग करते, पॉप करते. जेट एक साइज मोठा करून बघावा लागतो. ऑक्सिजन सेन्सर असलेली एमपीएफआय हे बऱ्यापैकी स्वतः सांभाळते. मात्र रबर कुणाचंच त्या काळी ई20 साठी बनलेलं नव्हतं, पाइप, सील, डायफ्रॅम दोन्ही गाड्यांचे बघून बदला. आणि आपल्यासारखे लोक गाडी महिनाभर झाकून ठेवतात, इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, कार्बची वाटी उघडली तर खाली पांढरा गाळ. उभी करून ठेवायची असेल तर वाटीतलं पेट्रोल काढून टाका.

लेहला जायचं स्वप्न असेल तर प्रश्नच मिटला, एमपीएफआयच घ्या. सिंहगड 1300 मीटरवर, आपल्या सह्याद्रीत उंचीनं कार्बला काही होत नाही, पण खारदुंगला 5359 मीटर आहे, तिथं हवा जवळजवळ अर्धी आणि कार्ब पेट्रोल त्या मानानं कमी करत नाही, काळा धूर आणि सेकंडला पण ओढत नाही.

इतकं एमपीएफआयचं कौतुक केलं तर आता तिचं दुखणं. इंजेक्शन सहसा दगा देत नाही, वायरिंग देतं. गाड्या वीसेक वर्षं जुन्या, मध्ये कुणी हॉर्न लावलेत, कुणी लाइट बार लावलाय, प्रत्येकानं इन्सुलेशन सोलून टेप गुंडाळलेला. मेव्हण्याची गाडी एकदा ओढ्यातून बाहेर आली आणि दुसऱ्या दिवशी स्टार्टच नाही. शहरातल्या एका गॅरेजनं, नाव घेत नाही, स्कॅनर लावून ईसीयू गेला असं सांगितलं आणि आकडा असा टाकला की त्यात दोन टायर आले असते. शेवटी एका साध्या ऑटो इलेक्ट्रिशियननं अर्थची वायर काढून दाखवली, लग, म्हणजे वायरच्या टोकाची धातूची कडी, हिरवा पडलेला, हाताला लागून तुटला. घासून नवीन लग लावला, गाडी चालू. "साहेब, कॉम्प्युटर शेवटी बघायचा, आधी अर्थ," असं म्हणाला आणि चहाचे पैसे पण घेईना.

पाण्याचं म्हणाल तर कार्ब पाण्यात बिनधास्त हा गैरसमज आहे. डिस्ट्रिब्युटरच्या टोपीत पाणी शिरलं की तीही तिथंच बसते. आणि एअर फिल्टरमधून पाणी आत गेलं तर दोघींचे कनेक्टिंग रॉड सारखेच वाकतात.

एमपीएफआय काढून कार्ब बसवून देतो म्हणणारे भेटतील. नका करू. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे कंपनीनं दिलेल्या मूळ स्पेसिफिकेशनमध्ये असे बदल चालत नाहीत, पीयूसीला आणि पुढं रजिस्ट्रेशन रिन्यू करताना संगम ब्रिजजवळ आरटीओत घाम निघेल तो वेगळा.

तर बघायला जाताना विकणाऱ्याला आधीच सांगा, गाडी गरम करून ठेवू नका, मी थंडच स्टार्ट करणार. एमपीएफआय असेल तर किल्ली ऑनवर आणून थांबा, मागून टाकीकडून दोन सेकंद पंपाचा गूं आवाज आला पाहिजे, चेक इंजिनचा दिवा आधी लागून स्टार्ट झाल्यावर विझला पाहिजे, मुळात लागतच नसेल तर कुणीतरी बल्ब काढलाय. मग डॅशबोर्डखाली मोबाइलचा टॉर्च मारा आणि टेप मोजा. कार्ब असेल तर थ्रॉटलचा शाफ्ट बोटानं हलवून बघा, खुळखुळला तर भाव पाडा. आणि वायरिंग फार छळलेली एमपीएफआय आणि शाफ्ट घट्ट असलेली स्वच्छ कार्ब अशा दोन समोर आल्या तर मी कार्ब घेईन, चढाला थोडा वळसा घालून जाईन. बाकी चासीला गंज असेल तर इंजिनकडं न बघताच परत फिरा.