मिनिएचरवरचा जुना रंग काढण्यासाठी ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल

मिनिएचर, म्हणजे शिपायांसारख्या छोट्या मूर्ती, रंगवणाऱ्याच्या हाती कधी ना कधी असे जुने नग येतातच, ज्यांच्या चेहऱ्यावरचे बारकावे रंगाच्या जाड थरांखाली बुजलेले असतात आणि सांध्यांतून सुपरग्लूचे वाळलेले ओघळ बाहेर आलेले असतात. अशा नगांसाठी मी ९९ टक्के शुद्धतेचे आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरतो. मुख्यतः इलेक्ट्रॉनिक भागांच्या सफाईसाठी विकला जाणारा हा द्रव रंग काढण्यात उत्तम आणि गोंद काढण्यात सुमार आहे. ही दोन कामे एकाच बाटलीकडून होतील अशी अपेक्षा न ठेवता तो घेतला, तर तक्रारीला फारशी जागा उरत नाही.

ॲक्रिलिक रंग लावताना पाण्यात मिसळतो खरा, पण सुकल्यावर त्याचा सलग पापुद्रा तयार होतो आणि मग पाणी त्याचे काहीच बिघडवू शकत नाही. अल्कोहोल या पापुद्र्यात शिरून त्याला फुगवते आणि त्याची पृष्ठभागावरची पकड सैल करते, त्यामुळे रंग पूर्ण विरघळण्याऐवजी सालपटांच्या रूपाने सुटू लागतो. बहुतेक प्लास्टिक मिनिएचर ज्या पॉलिस्टायरीनची असतात, त्याला मात्र अल्कोहोलपासून इजा होत नाही, आणि या द्रवाचे खरे मोल याच निवडकपणात आहे. घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत नग बुडवून ठेवले, की ब्रशने लावलेले साधे थर काही तासांत सैल होतात. स्प्रेने मारलेला प्रायमर, म्हणजे रंगाआधीचा अस्तराचा थर, अधिक चिवट असतो आणि त्याला रात्रभर ठेवावे लागते. त्यानंतर जुन्या टूथब्रशने घासणे आणि चिलखताच्या खाचांतून लाकडी टूथपिक फिरवणे एवढे श्रम उरतातच. ‘बुडवा आणि विसरा’ असे कोणी सांगितले, तर त्याने बहुधा साखळी-चिलखत घातलेला शिपाई कधी साफ केलेला नसावा.

मर्यादाही आहेत. इनॅमल रंगावर आणि मोटारींसाठीच्या काही प्रायमरवर याचा परिणाम फारच मंद होतो, आणि गडद रंगाची छटा कधीकधी फिकट प्लास्टिकमध्ये कायमची मुरलेली राहते. अर्थात पुन्हा प्रायमर मारायचाच असेल, तर त्या डागाची चिंता करण्याचे कारण नाही. ७० टक्क्यांचे अल्कोहोलही चालते, पण त्यात उरलेले पाणी असल्याने काम हळू होते. रेझिनच्या नगांबाबत मी सावध राहतो: रेझिनचे प्रकार अनेक आहेत, त्यांतले काही दीर्घकाळ बुडून राहिल्यास मऊ पडतात किंवा त्यांना तडे जातात, म्हणून आधी न दिसणाऱ्या कोपऱ्यावर तपासून नंतर थोडा थोडा वेळच ठेवावे.

आता गोंद. सुपरग्लू म्हणजे सायनोॲक्रिलेट. तो अल्कोहोलमध्ये विरघळत नाही, फार तर सांधा थोडा कमजोर होतो आणि हलक्या हाताने वाकवल्यास कधी निघतो, कधी नाही. त्याच्यासाठी ॲसिटोन हवे, पण तेच ॲसिटोन पॉलिस्टायरीनलाही विरघळवते, त्यामुळे ते फक्त धातूच्या मिनिएचरसाठी राखून ठेवावे, आणि धातूच्या शिपायाला प्लास्टिकचे हात किंवा तळ जोडलेला नाही ना, हे बुडवण्यापूर्वी पाहून घ्यावे. धातूच्या नगांसाठी फ्रीझरचाही उपाय आहे: थंडीने हा गोंद ठिसूळ होतो आणि मग सांधा पिळल्यावर कटकन सुटू शकतो. प्लास्टिक सिमेंटने जोडलेला सांधा मात्र कोणत्याच द्रवाने उलगडत नाही, कारण तिथे गोंदाचा वेगळा थर नसतोच. सिमेंट दोन्ही कडा वितळवून एकजीव करते. तिथे बारीक करवत आणि धीर हाच मार्ग. या कामात अल्कोहोल नापास होते याचे मला वाईट वाटत नाही, कारण सुपरग्लू विरघळवणारे ॲसिटोन प्लास्टिकच्या शिपायालाही शिल्लक ठेवत नाही.

घरात सहज सापडणाऱ्या, पाइन तेल असलेल्या जंतुनाशकानेही रंग निघतो, आणि प्लास्टिकला ते सौम्यही असते. पण सुटलेल्या रंगाला पाणी लागताच त्याचा चिकट चिखल होतो, जो नगावरून, ब्रशवरून आणि बोटांवरून निघता निघत नाही. शिवाय त्याचा वास खोलीत दीर्घकाळ रेंगाळतो. अल्कोहोलनंतर नग साबणाच्या पाण्याने धुता येतो आणि लवकर कोरडा होतो, एवढ्या एका सोयीसाठीही मी त्यालाच पसंती देईन.

धोक्याकडे मात्र काणाडोळा करू नये. या द्रवाचा ज्वलनबिंदू सुमारे १२ अंश सेल्सिअस आहे, म्हणजे खोलीच्या नेहमीच्या तापमानालाही त्याची वाफ ठिणगीने पेट घेऊ शकते. खिडकी उघडी, नायट्राइलचे हातमोजे घातलेले आणि जवळपास ज्योत नाही, हे किमान नियम आहेत. अल्ट्रासॉनिक क्लीनरच्या (ध्वनिलहरींनी सफाई करणाऱ्या यंत्राच्या) उघड्या टाकीत ते थेट ओतणे तर कटाक्षाने टाळावे.

वापरलेला द्रव लगेच फेकण्याची गरज नसते. बरणी स्थिर ठेवली, की बहुतेक रंगकण तळाशी बसतात आणि वरचा भाग कॉफी गाळण्याच्या कागदातून गाळून घेता येतो. मी हा गाळलेला द्रव पहिल्या बुडीसाठी वापरतो आणि ताजा द्रव शेवटच्या घासणीसाठी राखतो. तळाचा गाळ नाल्यात न ओतता उघड्या हवेत, मुलांपासून व आगीपासून दूर सुकू द्यावा आणि उरलेला कोरडा रंग घातक कचऱ्याबरोबर द्यावा.