नेम धरावा की नेम पाळावा?

वजन कमी करायला निघालेल्या माणसाला काय खावं आणि काय टाळावं हे बहुतेक ठाऊक असतं. डॉ. जगन्नाथ दीक्षितांचं दोन वेळांचं जेवण की आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकरांचं दर दोन तासांनी थोडं थोडं, यावर आपल्याकडे घरोघरी वाद झाले. टिकलेले आणि सुटलेले लोक दोन्हीकडे सापडतात, म्हणून तो वाद इथे काढत नाही. त्याच्याही आधी एक निवड करावी लागते आणि तिच्याविषयी फारसं कुणी बोलत नाही. मन कशाला बांधायचं, काट्यावरच्या आकड्याला की रोजच्या एखाद्या नेमाला? मराठीत ‘नेम’ या शब्दात दोन्ही बसतं. नेम धरतात तो लक्ष्यावर, आणि नेम पाळतात तो रोज. मी स्वतः पाळण्याच्या बाजूला आलो आहे, हे आधीच सांगतो. पण दुसऱ्या बाजूचं वजन हलकं नाही.

आकड्याचा मोठा गुण म्हणजे तो आपली भीड ठेवत नाही. ‘मी तर काहीच खात नाही’ असं वाटत असतानाही काटा वर जात असेल, तर कुठेतरी जास्त जातंय, एवढं नक्की. अमेरिकेत १९९४ पासून अशा लोकांची नोंद ठेवली जाते, ज्यांनी निदान साडेतेरा किलो वजन उतरवून ते वर्षभर तरी टिकवलं आहे. त्यांतले सुमारे तीन चतुर्थांश लोक आठवड्यातून एकदा तरी काट्यावर उभे राहतात. तेव्हा काटा फेकून द्या, असं कुणी म्हणत असेल तर मला ते पटत नाही.

प्रश्न काटा ठेवण्याचा नाही, मन त्यावर टांगण्याचा आहे. माझ्यासाठी निवड ठरली ती इथे. एक किलो चरबी म्हणजे साधारण ७,७०० कॅलरी. रोज ५०० कॅलरी कमी खाणं ही चांगली, झेपणारी मेहनत. त्यातून दिवसाला चरबी उतरते ६५ ग्रॅमच्या आसपास. घरातला डिजिटल काटा बहुधा १०० ग्रॅमच्या टप्प्याने आकडा दाखवतो. म्हणजे काल तुम्ही सगळं नीट केलं, तरी त्याचं फळ आज काट्यावर दिसण्याइतकं मोठंच नसतं. त्याच वेळी शरीरातलं पाणी मात्र रोज एक-दीड किलो सहज इकडेतिकडे होतं. रात्री पापड-लोणचं झालं, मीठ वाढलं, की पाणी धरलं जातं. जेवायला उशीर झाला, पोट साफ झालं नाही, की काटा वर. बऱ्याच दिवसांनी बैठका मारल्या की दुखऱ्या स्नायूंत पाणी साठतं, म्हणजे व्यायाम केल्याबद्दलच वजन वाढलेलं दिसतं. पाळीच्या आधीच्या दिवसांत अनेकींना एक-दोन किलोचा फरक पडतो. सकाळी सहाला काट्यावर दिसतो तो हा सगळा गोंधळ, आणि आपण तो आपल्या निर्धाराचा निकाल समजून वाचतो.

पहिला आठवडा तर जास्तच फसवा. भात-पोळी एकदम कमी केली की स्नायू आणि यकृतातला ग्लायकोजेनचा, म्हणजे राखून ठेवलेल्या साखरेचा, साठा घटतो. त्याच्या दर ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी असतं, तेही जातं. दोन किलो गेले म्हणून घरात आनंद होतो. पुढे खरी चरबी उतरू लागते तेव्हा वेग मंदावतो, आणि नेमकं योग्य चाललेलं असताना माणूस खचतो.

खचलेला माणूस एक ठरावीक चूक करतो. ‘आता बिघडलंच आहे, तर आज होऊन जाऊ दे.’ १९७५ मधल्या एका प्रयोगात खाण्यावर ताबा ठेवणाऱ्यांपैकी काहींना आधी मिल्कशेक पाजला आणि मग सगळ्यांपुढे आइस्क्रीम ठेवलं. मिल्कशेक न प्यायलेल्यांपेक्षा प्यायलेल्यांनीच आइस्क्रीम जास्त खाल्लं. रोजचा आकडा हे निमित्त फुकट पुरवतो, आणि तेही दोन्ही बाजूंनी. वाढला तर ‘काही उपयोग नाही’, घटला तर ‘आज एक जिलबी चालेल’. वजन वाढवणारी खरी गोष्ट बहुतेक वेळा पहिली जिलबी नसते, तिच्या पाठोपाठ येणारे चार दिवस असतात.

आता नेमाची बाजू. चातुर्मासाचा नेम आपण लहानपणापासून पाहिला आहे. आषाढी ते कार्तिकी, कुणी कांदा-लसूण सोडतं, कुणी एकभुक्त राहतं. त्या नेमाची घडण पाहण्यासारखी आहे. तो एकच असतो, नेमका असतो, घरातल्या सगळ्यांना ठाऊक असतो, आणि तो पाळला की नाही याचं उत्तर रात्री झोपताना हो किंवा नाही एवढंच असतं. त्याला काट्याची साक्ष लागत नाही. लंडनमध्ये ९६ जणांवर झालेला एक अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात नवी सवय अंगवळणी पडायला लागलेले दिवस कुणाचे १८ तर कुणाचे २५४ निघाले, मधला आकडा ६६. पाणी पिण्यासारखी साधी सवय लवकर बसली, व्यायामाची उशिरा. आणि एखादा दिवस चुकल्याने सवय बसण्यात फारसा फरक पडला नाही. चार महिन्यांचा नेम म्हणजे जवळजवळ १२० दिवस, बहुतेकांना पुरेल इतकी ही मुदत आहे.

नेमाचा आणखी एक फायदा आपल्या घरांतच कळतो. जेवायला बसल्यावर ‘डाएट चालू आहे’ म्हटलं की आग्रह दुप्पट होतो, ‘एवढ्यानं काय होतंय!’ तेच ‘मी रात्री गोड खात नाही’ असं शांतपणे म्हटलं की वाढणारा हात बहुधा थांबतो. डाएट आज ना उद्या संपणार हे यजमानालाही माहीत असतं. ‘खात नाही’ यात वाद घालायला जागा नसते. हे वाक्य चार वेळा म्हटलं की ते आपल्यालाही खरं वाटू लागतं. वजन टिकण्यातला मनाचा भाग मला मुख्यतः हाच वाटतो.

पण नेम आंधळाही असतो, आणि हे लपवून उपयोग नाही. ‘एकादशी, दुप्पट खाशी’ ही म्हण उगाच आलेली नाही. १०० ग्रॅम कोरडा साबुदाणा ३५० कॅलरी, त्यात ३० ग्रॅम दाण्याचं कूट १७०, दोन चमचे तूप ८०-९०, म्हणजे एका माणसाची खिचडी सहाशेवर गेली. सत्तर किलोचा माणूस अर्धा तास भरभर चालला तर साधारण दीडशे कॅलरी खर्च होतात, परतीच्या वाटेवरचा एक वडापाव त्याच्या दुप्पट भरतो. चालण्याचा नेम चार महिने चुकवला नाही आणि कंबर तसूभर हलली नाही, असं म्हणूनच होतं. तेव्हा वजन उतरवायचं असेल तर पहिला नेम ताटातला असावा, दुसरा पायांचा. दिवसाला चार कप चहात दोन-दोन चमचे साखर म्हणजे ४० ग्रॅम, १६० कॅलरी. ती अर्ध्या चमच्यावर आणणं हा फार चांगला पहिला नेम आहे, कारण मोजता येतो आणि रोज चार वेळा त्याची उजळणी होते.

नेम बांधताना दोन चुका हमखास होतात. पहिली म्हणजे पाडव्याला पाच नेम एकदम सुरू करणं. एक घ्यावा, तो महिनाभर टिकला की दुसरा. दुसरी चूक म्हणजे वेळ मोघम ठेवणं. ‘रोज व्यायाम करीन’ हा नेम नव्हे. ‘सकाळी दात घासले की चार सूर्यनमस्कार’ हा नेम. आधीपासून न चुकणाऱ्या कामाला नवं काम बांधावं, दर आठवड्याला दोन नमस्कार वाढवावेत, बारावर थांबावं. आजारपण, प्रवास, लग्नघर यांसाठी सगळ्यात छोटं रूप आधीच ठरवून ठेवावं, एकच नमस्कार का होईना. एक दिवस चुकला तर चुकला, लागोपाठ दोन चुकू देऊ नयेत. आणि कार्तिकीला नेम सोडताना सगळा सोडू नये. उद्यापनाच्या दुसऱ्या दिवशी जुना चहा परत आला, तर चार महिन्यांची मेहनत उन्हाळ्यापर्यंत वाया जाते.

काही लोकांना आकडाच हवा, हेही मान्य. हृदयाच्या किंवा किडनीच्या दुखण्यात डॉक्टरांनी रोज वजन करायला सांगितलं असेल तर ते करायलाच हवं. तिथे पाणी साठतंय का, हेच बघायचं असतं. वजनगटात खेळणाऱ्यांनाही सुटका नाही. पण २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये विनेश फोगट ५० किलो गटात अंतिम फेरीच्या सकाळी १०० ग्रॅम जास्त भरली आणि बाद झाली. तज्ज्ञांचा ताफा सोबत असताना, रात्रभर धडपडूनही जो आकडा हातात आला नाही, त्याच्यावर नोकरी-घर सांभाळणाऱ्या माणसाने रोजचा आत्मविश्वास का टांगावा, असं मला वाटतं. रोज काट्यावर उभं राहूनही ज्यांचा दिवस बिघडत नाही, त्यांनी मात्र खुशाल राहावं. फक्त आजची तुलना कालशी न करता सात दिवसांची सरासरी मागच्या सात दिवसांच्या सरासरीशी करावी. बायकांनी मागच्या पाळीचक्रातल्या त्याच आठवड्याशी करावी.

इतरांसाठी रविवार पुरे. सकाळी पोट साफ झाल्यावर, चहाच्या आधी, तेच हलके कपडे, काटा फरशीवर. सतरंजीवर ठेवला तर आकडा चुकतो. वजन वहीत लिहून वही मिटावी आणि महिन्याच्या शेवटीच चारही आकडे एकत्र बघावेत. त्याच दिवशी कंबर मोजावी. सर्वांत खालची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध टेप धरायची, श्वास सहज सोडून, पोट आत न ओढता. भारतीय पुरुषांसाठी ९० सेंटिमीटर आणि बायकांसाठी ८० ही धोक्याची रेघ मानतात. महिनाभर नेम एकदाही न चुकता कंबर आणि वजन दोन्ही जिथल्या तिथे असतील, तर नेम वाढवू नका, बदला. बहुतेक वेळा तेलाच्या बुधलीपासून सुरुवात करावी लागते. एका चहाच्या चमच्यात ४० कॅलरी जातात, आणि फोडणी घालताना तो चमचा कुणी मोजत नाही.