मायक्रोफायनान्सची ऑनलाइन इंटर्नशिप: माझे 6,998 गेले, आणि गल्लीतल्या 11 जणींचे 7,150

आधी आकडे सांगते, कारण प्रत्येक जण पहिल्यांदा तेच विचारतो. माझे गेले 6,998 रुपये. 499 रजिस्ट्रेशनचे, 1,999 ट्रेनिंग आणि सर्टिफिकेटचे, 4,500 लॅपटॉपचं डिपॉझिट. आणि माझ्या शब्दावर गल्लीतल्या 11 बायकांनी प्रत्येकी 650 दिले, ते 7,150. एकूण 14,148. ज्यांना ही रक्कम किरकोळ वाटते त्यांनी एकदा हजार विड्या वळून बघाव्यात. पानं भिजवायची, कापायची, मांडीवर सूप घेऊन दिवस मावळेपर्यंत वळायच्या, आणि विडी कंपनीच्या ब्रँचला नेल्यावर छाटणीत बाजूला काढतात त्या फुकटच जातात. त्या मजुरीतले 650 होते ते.

गोष्ट 2025 च्या जानेवारीतली, सोलापुरात सिद्धेश्वरांची गड्ड्याची यात्रा चालू होती तेव्हाची. मी एम.कॉम.च्या पहिल्या वर्षाला होते. नव्या शैक्षणिक धोरणात ओजेटी, म्हणजे ऑन जॉब ट्रेनिंग, आलंय, 4 क्रेडिट. 120 तास कुठेतरी काम करायचं आणि सर्टिफिकेट आणून द्यायचं. कुठे करायचं हे मात्र कुणी सांगत नाही. सीएंच्या ऑफिसातल्या जागा ओळखीवर भरतात. दोन पतसंस्थांमध्ये गेले, दोन्हीकडे "मार्चनंतर या" म्हणाले. अशात आमच्या वर्गाच्या ग्रुपवर मेसेज आला: मायक्रोफायनान्स (गरीब घरांना छोटी कर्जं) रिसर्च इंटर्न, घरबसल्या काम, महिना 8,000 स्टायपेंड, ओजेटीसाठी चालणारं सर्टिफिकेट. मेसेज टाकणारे आमचेच सर. अनोळखी नंबरवरून आला असता तर मी उघडलाही नसता. "एवढी शिकलेली पोरगी आणि फसली कशी" हे मी आता पोटभर ऐकून घेतलंय, म्हणून हे परत परत सांगते. मी जाहिरातीला भुलले नाही, कॉलेजवर विश्वास ठेवला.

पुढचं तुम्हाला ओळखीचंच वाटेल. फोनवर मुलाखत, दोन तासांत ऑफर लेटर, त्यावर गोल शिक्का, आरबीआय नोंदणी क्रमांक म्हणून एक लांबलचक आकडा. आधी 499, ते भरल्यावर 1,999, आणि मग लॅपटॉपचे 4,500, "काम संपल्यावर परत". लॅपटॉप महिनाभर नुसता "डिस्पॅच झालाय" होता. दोन आठवडे ट्रेनिंगही झालं, रोज रात्री आठला. त्यातलं बरंचसं खरं होतं, म्हणूनच मी गाफील राहिले. बांगलादेशच्या मुहम्मद युनूस यांनी 1976 मध्ये जोब्रा गावातून केलेली सुरुवात, 1983 मध्ये ग्रामीण बँक, 2006 चं नोबेल, 2010 चं आंध्रातलं मायक्रोफायनान्सचं संकट. आमच्या पेपरला जे होतं तेच स्क्रीनवर.

आता ती जागा सांगते, जिथे मी उठून जायला हवं होतं.

ट्रेनिंगच्या सहाव्या दिवशी मी विचारलं, "सर, आपण बचत गटाला कर्ज देणार की जेएलजीला?" मला खरंच जाणून घ्यायचं होतं. आमच्याकडे हा पाच मार्कांचा प्रश्न आहे. बचत गटात बायका आधी आपले पैसे साठवतात, मग गटाला बँकेचं कर्ज मिळतं, नाबार्डने 1992 पासून सुरू केलेली ती जोडणी. जेएलजीत, म्हणजे जॉइंट लायबिलिटी ग्रुपमध्ये, बचतीची अट नाही, एकमेकींच्या कर्जाची सगळ्यांनी मिळून हमी घ्यायची. पलीकडून दोन सेकंद शांतता. मग उत्तर आलं, "मॅडम, दोनो एक ही है, आप फॉर्म पे ध्यान दो." मायक्रोफायनान्स कंपनीतल्या माणसाला हे माहीत नाही? आमच्या गल्लीत दर आठवड्याला वसुलीला येणारा पोरगाही हे झोपेत सांगेल. मला खटकलं. वहीत मी त्या वाक्यापुढे प्रश्नचिन्हही काढलंय. ती वही अजून माझ्याकडे आहे, ते पान उघडलं की अंगाचा तिळपापड होतो. खटकलं, आणि मी गप्प बसले, कारण माझे 6,998 तोवर भरून झाले होते आणि मला सर्टिफिकेट हवं होतं.

दुसरी जागा याहून साधी. बायकांचे पैसे पाठवताना स्कॅन केलं तर पिन टाकायच्या आधी नाव आलं एका मोबाईल शॉपीचं. कंपनीचं नाही. मी विचारलं. "अपना कलेक्शन पार्टनर है." मी बरं म्हणाले आणि पिन टाकला.

बायकांचे पैसे कसे आले, तेही सांगायलाच हवं. "फील्ड सर्व्हे" म्हणून कर्जाची गरज असलेल्या किमान दहा महिला शोधायच्या होत्या. आधार, पॅन, पासबुक, विडी कार्ड, सेल्फी, घरात चालू असलेली कर्जं आणि आठवड्याचा हप्ता, सगळं त्यांच्या अ‍ॅपमध्ये भरायचं. 40,000 कर्ज, फाइल चार्ज आणि विमा मिळून 650. मी घरोघर फिरले. आमच्याकडे अर्धी गल्ली तेलुगू बोलते, फॉर्म मराठीत आणि इंग्रजीत. मी एकेकीला ओट्यावर बसवून वाचून दाखवला. एकीला मुलाची आयटीआयची फी भरायची होती, दुसरीला दोन ठिकाणचे हप्ते एकत्र करायचे होते. शेजारच्या अक्कांनी तर डब्यातून सुटे काढून दिले, दहाच्या नोटा मोजायलाच मला पाच मिनिटं लागली. या बायका कंपनीला नाही भुलल्या. त्या मला ओळखतात, लहानपणापासून. त्या चोरांनी माझे पैसे नेले ते एक वेळ गिळता येतं, पण माझं तोंड वापरून माझ्या आईच्या बरोबरीच्या बायकांना लुबाडलं, हे नाही गिळता येत.

कर्ज सोमवारी जमा होणार होतं. सकाळीच सात जणी बँकेत जाऊन बसल्या, अक्का पासबुक प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून घेऊन गेल्या होत्या. दुपारी परत आल्या. तोवर त्यांचा नंबर बंद, अ‍ॅप उघडेना, ट्रेनिंगच्या ग्रुपमधून मला काढून टाकलेलं. अक्का एवढंच म्हणाल्या, "तू म्हणालीस म्हणून दिले की गं."

आता मदत करणाऱ्यांबद्दल. 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन केला. चौथ्या वेळी लागला. त्यांनी प्रत्येक व्यवहाराचा बारा आकडी नंबर मागितला, तक्रार नोंदवली, पावती क्रमांक दिला. इथवर ठीक. पण मी सोमवारी संध्याकाळी केला आणि पैसे आधीच्या गुरुवारी गेले होते, तोवर ते खातं रिकामं झालेलं. बँकेत गेले. काउंटरवरचे साहेब स्क्रीनवरून मान न उचलता म्हणाले, "पिन तुम्हीच टाकलाय ना? मग आमचा काय संबंध?" तीन दिवसांत कळवलं तर जबाबदारी नाही हा जो नियम लोक सांगतात, तो तुमच्या नकळत पैसे काढले असतील तर. स्वतः पाठवले तर लागू नाही. हे मला त्या दिवशी उभ्या उभ्या कळलं. मग पोलीस ठाणं. तिथून सायबरकडे पाठवलं. सायबरवाले म्हणाले, रक्कम लहान आहे, तुमच्या हद्दीतल्या ठाण्यातच द्या. परत ठाणं. तिथे साहेब जेवायला गेलेले. तिसऱ्या खेपेला एका हवालदारांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "बायकांनी पैसे कुणाच्या हातात दिले? तुझ्या ना? मग त्यांनी तक्रार दिली तर आरोपी कोण होणार?" आई शेजारी बसली होती. तिचा हात थरथरत होता. मी तक्रार करायला गेले होते, आणि बाहेर पडताना मला वाटत होतं की मलाच कुणीतरी सोडून दिलंय. 650 रुपये हा त्यांच्यासाठी गुन्हाच नाही. पण असे 650 किती गल्ल्यांतून, किती मुलींच्या हातून गोळा झाले असतील, हे जोडून बघायचं काम कुणाचं आहे? माझं?

कॉलेजचं तर विचारूच नका. मेसेज टाकणारे सर म्हणाले, "आम्ही फक्त फॉरवर्ड केला होता." मेसेज दुसऱ्या दिवशी ग्रुपवरून डिलीट झाला. माझ्याकडे स्क्रीनशॉट आहे. ओजेटीची मुदत मात्र एक दिवसही वाढवून दिली नाही.

लेटरवर आरबीआयचा म्हणून नोंदणी क्रमांक छापलाय, एवढ्यावर विश्वास ठेवू नका. नोंदणी असलेल्या वित्त कंपन्यांची यादी आरबीआयच्या वेबसाइटवर आहे, तिथे नाव शोधा, आणि नाव सापडलं तरी तिथल्या पत्त्यावर आणि फोनवर स्वतः विचारा. चोर खऱ्या कंपनीचं नावही लावतात. मी त्यातलं काहीही केलं नव्हतं.

आयांना सांगा, मावश्यांना सांगा: कर्ज देणारा आधी पैसे मागत असेल तर त्याला ओट्यावरूनच परत पाठवायचं. फी असतेच, पण ती कागदावर आधी लिहून द्यावी लागते आणि आपल्याला कळणाऱ्या भाषेत कर्जाचं कार्ड द्यावं लागतं. 2022 च्या आरबीआयच्या नियमांनुसार वर्षाला 3 लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबाला हे कर्ज विनातारण मिळतं आणि सगळे हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्यावर जाता कामा नयेत. त्या फॉर्ममध्ये उत्पन्नाचा रकानाच नव्हता. परत सांगते, उत्पन्नाचा रकानाच नव्हता, आणि मी तो फॉर्म 11 वेळा भरला.

पैसे पाठवताना स्क्रीनवर कुणाचं नाव येतंय ते वाचा. कंपनीच्या जागी दुकान किंवा माणूस दिसला की थांबा. इंटर्नशिपला पैसे लागत नाहीत, कशाचेच नाहीत, डिपॉझिटचेही नाहीत. पैसे गेलेच तर लाजेनं चार दिवस घालवू नका, त्याच तासाला 1930 लावा. ठाण्यात तोंडी सांगून परत येऊ नका, लेखी द्या आणि पोच घ्या. मी पोच मागितली ती चौथ्या खेपेला.

बायकांचे 7,150 मी परत केले. 5,000 आईच्या भिशीतून, उरलेले 2,150 दोन महिने शिकवण्या घेऊन. दहा जणींनी घेतले. अक्कांनी घेतले नाहीत, आणि आमच्या दारावरून जाताना त्या आता थांबतही नाहीत.

पैशांपेक्षा मला भीती कागदांची आहे. 11 जणींचे आधार आणि पॅन कुणाकडे तरी पडून आहेत. त्यांच्या नावावर कुठे कर्ज उचललंय का, ते सिबिल आणि हाय मार्क या कर्जांच्या नोंदी ठेवणाऱ्या कंपन्यांच्या रिपोर्टमध्ये दिसतं. वर्षातून एकदा तो फुकट मिळतो. नऊ जणींचे काढून झाले, सध्या तरी स्वच्छ आहेत. दोघींचा नोंदवलेला मोबाईल नंबर बंद पडलाय, त्यामुळे ओटीपी येत नाही. त्यातल्या एक अक्का. आईने त्यांना निरोप दिलाय, सोमवारी सकाळी आधार केंद्रावर मी दोघींना घेऊन जाणार आहे, आल्या तर.