आंभोऱ्याच्या टेकडीभोवती खासगी बोट: घ्यावी का, आणि काय बघून घ्यावी

नागपूर जिल्ह्यातल्या कुही तालुक्यात, आंभोऱ्याला वैनगंगेत कन्हान, आंब, मुर्झा आणि कोलारी येऊन मिळतात. गोसीखुर्द धरणाचं पाणी अडल्यापासून संगम पसरून तलावासारखा झालाय आणि चैतन्येश्वराच्या टेकडीचे खडक सरळ पाण्यात उतरलेत. २०२४ मध्ये केबलचा पूल सुरू झाला. आता नाव लागते ती मुख्यतः फिरायलाच. पूर्ण बोट ठरवली तर खडकांजवळ थांबता येतं, त्यामुळे जादा पैसे वसूल होतात. पाचापैकी साडेतीन गुण.

दीड गुण गेला तो बुडीत झाडांपायी आणि लाइफ जॅकेटपायी.

झाडांचं आधी. लोकांना वाटतं, पाणी जास्त तितका धोका जास्त. इथे उलट आहे. पावसाळ्यानंतर धरण भरलेलं असताना बरेच बुंधे खोल जातात. उन्हाळ्याकडे पाणी उतरू लागलं की तेच बुंधे वीतभर पाण्याखाली येतात आणि वरून दिसत नाहीत. पंखा त्यावर आदळला की लहान इंजिनात पंखा दांड्याला जोडणारी शिअर पिन तुटते, मोठ्यात पंख्याच्या आतलं रबर घसरतं. मग इंजिन नुसतं ओरडतं, बोट जागची हलत नाही. निघण्याआधी विचारा: जास्तीची पिन, पाना आणि एक वल्हं बोटीत आहे का? वल्हं नसेल तर बसू नका.

दुसरी कटकट जाळ्यांची. पाण्यावर थर्माकोलचे तुकडे ओळीने दिसले की खाली जाळं आहे समजा. नायलॉनचा धागा पंख्यामागच्या दांड्यावर गुंडाळला जातो, तिथलं सील कापतो आणि गिअरच्या तेलात पाणी शिरतं. तेल दुधाळ दिसू लागलं की समजायचं, सील गेलं. जाळं तुटलं तर मासे धरणाऱ्या ढिवर भावाचं नुकसान होतं ते वेगळंच. मुरलेला नावाडी अशा ठिकाणी इंजिन बंद करून वर उचलतो आणि बांबूने ढकलत नेतो. "कायले घाई करता जी" असं म्हणणारा नावाडी भेटला तर त्यालाच धरा.

कन्हानच्या बाजूला जलपर्णी जास्त लागते. नाग नदीतून नागपूरचं सांडपाणी कन्हानमार्गे इथवर येतं, त्यावर ती पोसते. इंजिनाच्या मागून पाण्याची बारीक धार सतत पडायला हवी. ती थांबली म्हणजे पाणी ओढायची जाळी तुंबली. लगेच बंद करून पाला काढला नाही तर इंजिन तापून जाम होतं. त्या अंगाला पाण्यात हात घालून बसायचा मोह टाळा.

जॅकेट अंगात घालून, पट्टे आवळून, दुसऱ्याला खांद्यापाशी वर ओढायला सांगा. हनुवटीपर्यंत सरकलं तर ते निरुपयोगी. लहान मुलांच्या जॅकेटला पायांमधून जाणारा पट्टा हवाच. घाटावर बरेचदा एकच माप सगळ्यांच्या गळ्यात अडकवतात, तेही बकल तुटलेलं. याच वैनगंगेत जानेवारी २०२४ मध्ये गडचिरोलीच्या चामोर्शी तालुक्यात मिरची तोडायला निघालेल्या बायकांचा डोंगा उलटला होता, हे विसरू नये. सगळे बसल्यावर बोटीची कड पाण्यापासून दीड वीत तरी वर राहिली पाहिजे. कमी असेल तर दोघांना उतरवा, मग ते जावईबापू का असेनात.

लाकडी डोंगा की फायबरची बोट? टेकडीला वळसा घालायला फायबर बरी. झाडांच्या गर्दीत, पाणकावळे बसतात त्या वाळक्या फांद्यांजवळ जायचं तर डोंगाच. तो उथळ पाण्यात चालतो, आवाज नाही. डोंग्याच्या सांध्यांतलं डांबर मात्र बघून घ्या. तळाशी थोडं पाणी असणं चालतं, उपसायला डबा हवा.

वेळ सकाळची, साडेसातच्या आत. ऊन चढलं की वारा सुटतो, आणि खडकावर आपटून परतणारी लाट येणाऱ्या लाटेला भिडून काठाजवळचं पाणी उसळतं ठेवते. मे-जूनमध्ये दुपारनंतर वावधन, म्हणजे वादळी वारा, कधी येईल सांगता येत नाही, तेव्हा नकोच. खडकाला लागताना नाक पुढे, वेग मेलेला, इंजिन उचललेलं. पाय मध्ये घालून बोट अडवायची नाही. ओला खडक शेवाळाने निसरडा असतो, उडी न मारता बसूनच उतरा.

२०२१ च्या अंतर्देशीय जलयान कायद्याप्रमाणे इंजिनच्या बोटीला नोंदणी आणि तपासणीचा दाखला लागतो. तो मागायला लाजू नका.

भाव डोक्यामागे ठरवू नका, तासावर ठरवा. पेट्रोल त्यात धरलंय का आणि खडकावर थांबलेला वेळ मोजणार का, हे घाटावरच बोलून घ्या. दहा हॉर्सपॉवरचं टू-स्ट्रोक इंजिन पूर्ण वेगाने तासाला चार-पाच लिटर पितं, हळू चालवलं तर बरंच कमी. म्हणून हळू फिरायचं असेल तर भाव कमी करून मागा, देतात.