वडिलांच्या बुलेटची दुरुस्ती: रत्नागिरीतल्या एका गॅरेजविषयी

वडिलांची 1991 सालची बुलेट 350 त्यांच्या पश्चात अकरा वर्षे पडवीत उभी होती. सायकलखेरीज कोणतीही दुचाकी मी कधी चालवलेली नव्हती, तरीही हीच गाडी दुरुस्त करून तिच्यावरच शिकायचे असे ठरवले आणि रत्नागिरीतल्या खाडीकाठच्या एका लहान गॅरेजकडे ती सोपवली. गाडी परत मिळाल्यानंतर एक पावसाळा आणि सुमारे 1,900 किलोमीटर झाले आहेत, त्यामुळे त्या कामाविषयी आता खात्रीने लिहिता येईल.

आधी मी आणखी दोन ठिकाणी चौकशी केली होती. दोन्हीकडे पहिला प्रश्न रंग कोणता द्यायचा हाच होता. इथल्या मेस्त्रींनी टाकीचे झाकण उघडून आत बॅटरीचा उजेड टाकला, बोट फिरवले आणि तांबूस झालेले बोट मला दाखवून म्हणाले, "ताई, रोग इथं आहे. रंगाचं मागाहून बघू."

हे निदान किती नेमके होते ते पुढे कळले. आपल्या दमट, खाऱ्या हवेत अर्धी रिकामी टाकी आतून गंजते आणि त्या गंजाची भुकटी पेट्रोलबरोबर उतरून कार्बोरेटरच्या, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या भागाच्या, जेटमध्ये (बारीक छिद्रांत) बसते, मग वरून कितीही ट्यूनिंग केले तरी गाडीचे इंजिन स्लोवर, म्हणजे मंद गतीवर, टिकत नाही. मेस्त्रींनी टाकी आतून धुतली, त्याच दिवशी वाळवून तेलाचा हात दिला, परंतु आतून लेप द्यायला स्पष्ट नकार दिला, कारण हल्लीच्या पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि काही लेप त्यात सुटून येतात. त्याच कारणासाठी कार्बोरेटरमधल्या जुन्या रबरी रिंगा आणि पेट्रोलची नळीही त्यांनी बदलली. सिलिंडर आतून गंजल्यामुळे तो बोर करण्यासाठी, म्हणजे आतून कापून गुळगुळीत करण्यासाठी, कोल्हापूरला पाठवावा लागला आणि त्यात तीन आठवडे गेले.

या गॅरेजचे खरे मोल मला ट्यूनिंगच्या दोन दिवसांत समजले. गाडी तुम्हीच सांभाळणार, तेव्हा पाना तुमच्या हातात हवा, असा त्यांचा आग्रह होता. पॉइंटमधली, म्हणजे उघडताना प्लगला ठिणगी देणाऱ्या संपर्कांमधली, फट फीलर गेजने (पातळ पात्यांच्या मापाने) 0.35 ते 0.40 मिलिमीटर कशी राखायची, नंतर सिगारेटचा पातळ कागद पॉइंटमध्ये धरून इंजिन हळूहळू फिरवताना तो कागद सुटतो तो क्षण कसा पकडायचा, हे त्यांनी माझ्याकडून पाच-सहा वेळा करून घेतले. टॅपेटसाठी, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागांतली फट जुळवण्यासाठी, तर गेजही लागला नाही. इंजिन थंड असताना आणि पिस्टन कॉम्प्रेशनच्या वरच्या टोकाला असताना व्हॉल्व्हकडे जाणारा दांडा (पुशरॉड) दोन बोटांत सहज फिरला पाहिजे, पण वर-खाली जराही हलता कामा नये. हा अंदाज बोटांना एकदा लागला की विसरत नाही. कार्बोरेटर लावून आम्ही आरे-वारेचा चढ चढलो आणि वर इंजिन बंद करून प्लग काढला, तर तो काजळीने काळा झालेला होता. मिश्रणात पेट्रोल जास्त जात होते. कार्बोरेटरमध्ये पेट्रोल कमी-जास्त सोडणाऱ्या सुईची क्लिप एक खाच वर घेतली, म्हणजे सुई तेवढी खाली बसली, आणि दुसऱ्या फेरीला प्लगवर कॉफीसारखा तपकिरी रंग आला. तो प्लग मी जपून ठेवला आहे.

किकचे तंत्रही त्यांनीच शिकवले. चावी लावून किक हळू दाबत न्यावी आणि अँपिअरच्या, म्हणजे विजेचा प्रवाह दाखवणाऱ्या, काट्यावर नजर ठेवावी. काटा मध्यावर आला म्हणजे पॉइंट उघडले, पिस्टन टोकापाशी आला. तिथे डिकॉम्प्रेसर (सिलिंडरमधला दाब सोडणारा खटका) ओढून किक किंचित पुढे न्यावी, डिकॉम्प्रेसर सोडावा, किक वर येऊ द्यावी आणि मग एकच पूर्ण किक मारावी. माझे वजन 52 किलो आहे आणि गाडी बहुतेक वेळा दुसऱ्या किकला सुरू होते.

या गाडीचा गिअर उजव्या पायाशी आणि ब्रेक डाव्या पायाशी आहे, पहिला गिअर वर आणि उरलेले तीन खाली. नवशिक्याने अशी गाडी घेऊ नये, असे मला अनेकांनी बजावले होते. माझा अनुभव वेगळा आहे. दुसऱ्या कोणत्याही गाडीची सवय पायांना नसल्यामुळे मला काहीच विसरावे लागले नाही. शिकाऊ परवाना मिळाल्यावर सड्यावरच्या मोकळ्या जागेत तीन आठवडे सराव केला, आणि वरच्या गिअरमधून थेट न्यूट्रलला आणणारा टाचेखालचा दांडा मला पहिल्या दिवसापासून उपयोगी पडला. वडील त्याच दांड्यावर टाच ठेवून फाटकाशी थांबत असत, तो आवाज मला आठवतो.

तक्रारी मात्र आहेत, आणि त्या किरकोळ नाहीत. सहा आठवड्यांचे काम चार महिने चालले आणि त्या काळात मीच फोन करत राहिले. खर्चाचा लेखी अंदाज मिळाला नाही. आरंभी सांगितलेले 35,000 रुपये शेवटी 48,500 वर गेले, त्यात 14,000 मजुरी. वायरिंगचे जोड नुसते पिळून वर टेप गुंडाळलेली होती आणि जुलैच्या पहिल्याच मोठ्या पावसात हॉर्न व दिवा दोन्ही बंद पडले. जोड उघडले तेव्हा तांब्यावर हिरवा थर चढला होता. समुद्रकाठी काम करणाऱ्या माणसाकडून ही चूक मला अपेक्षित नव्हती. मेस्त्रींनी ती मान्य केली आणि पैसे न घेता सगळे जोड डाख देऊन नळीत बंद करून दिले. पॉइंटचा संचही दुय्यम दर्जाचा निघाला, तो 600 किलोमीटरच्या आत जळला.

तरीही इंजिन आणि कार्बोरेटरच्या कामासाठी मी हेच गॅरेज सुचवीन. मात्र सुटे भाग स्वतः विकत घेऊन द्यावेत, वायरिंगचे जोड आपल्यासमोर करून घ्यावेत आणि गाडी गणपतीनंतर द्यावी, म्हणजे रंगकाम कोरड्या हवेत होते. नोंदणीला 15 वर्षे झालेली असतील, तर पाच वर्षांच्या नूतनीकरणासाठी गाडी आरटीओत तपासणीला न्यावी लागते. ती तारीख मेस्त्रींना पहिल्याच दिवशी सांगून ठेवावी.