डीबी नवी, वायर जुनीच: अमळनेरला घर घेताना झालेली फसवणूक

जळगाव-धुळ्याकडे कोणी जुनं घर बघत असेल तर हे वाचाच. अमळनेरच्या जुन्या वस्तीत आम्ही घर घेतलं, तेव्हा मालकाने "लाइट फिटिंग पूर्ण नवीन केलीय, भाऊ" म्हणत किमतीत ६०,००० रुपये वेगळे धरले. दलालाच्याच ओळखीच्या वायरमनने डीबी, म्हणजे घरभर वीज वाटणारी पेटी, उघडून दाखवली. चकचकीत एमसीबी (जास्त करंट गेला की आपोआप पडणारे स्विच), शेजारी आरसीसीबी (करंट गळून शॉक बसू लागला की वीज तोडणारा स्विच). लाकडी बोर्ड आणि किटकॅट फ्यूज (तार बदलायचे जुने चिनी मातीचे) काढून टाकल्याचं सांगितलं. ते खरं होतं, पण काढलं होतं फक्त तेवढंच.

उन्हाळ्यात कूलर लावला. पत्र्याचा कूलर, खाली ओली फरशी. सासूबाई पाणी भरायला गेल्या आणि पत्र्याला हात लागताच झटका बसून मागे फेकल्या गेल्या. वाचल्या, हे आमचं नशीब. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी अशा वेळी पापणी लवायच्या आत पडायला हवा. तो जागचा हलला नाही.

मग लायसन असलेला दुसरा वायरमन बोलावला. त्याने आरसीसीबीवरचं 'टी' (टेस्ट) बटण दाबलं. खटका पडला, पण पंखा फिरतच राहिला! मेन स्विचची वायर थेट एमसीबीला जोडलेली होती. आरसीसीबीला वरून सप्लाय दिलेला, खालून पुढे एकही वायर नाही. हे चुकून होत नाही. बटण दाबून बघणारा गिऱ्हाईक खटक्याकडे बघतो, पंख्याकडे नाही, हे माहीत असलेल्या माणसाचं हे काम आहे.

डीबीच्या मागे वीतभर नवीन तांब्याची वायर, पुढे नुसता पीळ मारून टेप गुंडाळलेला सांधा आणि भिंतीत जुनी ॲल्युमिनियमची वायर, वरचं प्लास्टिक तडकलेलं. तांबं आणि ॲल्युमिनियम असं पिळून जोडलं की सांधा सैल होतो, तापतो आणि आग तिथूनच लागते. त्यात सगळीकडे ३२ अँपिअरचे एमसीबी. दिव्यांच्या दीड चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरलासुद्धा ६ किंवा १० अँपिअरचा लावतात. इथे एमसीबी पडायच्या आधी वायरच जळाली असती. सॉकेटमधली हिरवी, म्हणजे अर्थिंगची, वायर डीबीत नुसती लोंबत होती. अर्थिंगचा खड्डाच नव्हता.

मालक म्हणतो, "मी वायरमनला पैसे दिले होते." दलाल फोन उचलत नाही. बयाणा पावतीत फिटिंगबद्दल एक शब्द नाही, त्यामुळे पुढे काही करता येईना.

तुम्ही बघायला जाल तेव्हा वायरमन आपला न्या. 'टी' बटण दाबल्यावर पूर्ण घर बंद झालं पाहिजे. दोन-तीन सॉकेट उघडायला लावा, वायर पांढुरकी दिसली तर ॲल्युमिनियम समजा. अर्थिंगचा खड्डा प्रत्यक्ष दाखवायला सांगा. आपल्याकडे मे महिन्यात माती इतकी सुकते की खड्ड्यात पाणी टाकलं नाही तर चांगलं अर्थिंगसुद्धा कमजोर पडतं. किटकॅटचाच बोर्ड असेल तर न्यूट्रललाही फ्यूज आहे का बघा. तो उडाला की दिवा विझतो, पण फेज (करंट आणणारी वायर) चालूच राहते, आणि लाइट गेली समजून माणूस हात घालतो.

"फिटिंग नवीन" असं कोणी म्हणालं तर लायसन असलेल्या ठेकेदाराचा सही-शिक्क्याचा टेस्ट रिपोर्ट मागा, आणि तो हातात येईपर्यंत फिटिंगचे पैसे सौद्यात धरू देऊ नका.