शाळेच्या ॲपचा अनुभव: हजेरी सोपी झाली, मुलांची माहिती कोण सांभाळतंय?

जूनमध्ये शाळा उघडली तेव्हापासून आमच्याकडे हजेरी, फी, निकाल आणि पालकांना सूचना हे सगळं एका ॲपवर चालतं. शाळा नाशिकची, सातपूर-अंबडच्या कारखान्यांत राबणाऱ्यांची मुलं जास्त. मी वर्गशिक्षिका आहे आणि संगणकाचं काम माझ्याकडे असल्यामुळे ॲडमिन लॉगिनही माझ्याकडेच आहे. ॲपचं नाव देत नाही. जे सांगायचंय ते कुठलंही ॲप घेणाऱ्या शाळेला लागू पडेल.

हजेरीचं काम उत्तम. महिनाअखेरीची बेरीज संपली, गैरहजर मुलाच्या घरी लगेच संदेश जातो, नेट गेलं तरी नोंद फोनमध्ये राहते आणि नंतर चढते. फीच्या पावत्याही नीट निघतात.

आता मुलांच्या माहितीबद्दल. एका विद्यार्थ्याचं पान उघडलं की आधार क्रमांक, जात, आईवडिलांचे फोन, बँक खातं, रक्तगट, दिव्यांग असल्याची नोंद असं सगळं एकत्र दिसतं. यातलं बरंच यू-डायस प्लसला (शाळांची माहिती भरायची सरकारी प्रणाली) आणि शिष्यवृत्तीच्या अर्जांना लागतं, त्याबद्दल तक्रार नाही. पण ॲप हातात आलं तेव्हा प्रत्येक शिक्षकाला प्रत्येक मुलाचं सगळं पान खुलं होतं. कुणाला काय दिसावं हे ठरवायची सोय आहे, पण ती सेटिंगमध्ये इतकी आत दडवलेली की विक्रेत्याच्या माणसालाही शोधावी लागली. आता वर्गशिक्षकाला स्वतःचा वर्ग, विषयशिक्षकाला नाव आणि गुण, जात आणि बँकेचा तपशील फक्त कार्यालयात, अशी वाटणी केली आहे. एक उणीव राहिली. फिट येणाऱ्या मुलीची नोंद खेळाच्या सरांना दिसायलाच हवी, आणि तेवढीच एक नोंद उघडून द्यायची सोय ॲपमध्ये नाही. ती आम्ही सरांना समक्ष सांगतो.

कार्यालयात सगळ्यांचा मिळून एकच पासवर्ड असायचा, तोही संगणकाला चिकटवलेला. आता प्रत्येकाचं लॉगिन वेगळं आहे. कुणी कधी कुठलं पान उघडलं याची नोंद ॲप ठेवतं, आणि या ॲपमधलं मला सगळ्यात मोलाचं हेच वाटतं. नव्या नियमांनुसार अशा नोंदी किमान एक वर्ष जपायच्या आहेत.

नियम म्हणजे डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३ याचे. ते नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि मुख्य जबाबदाऱ्यांसाठी १८ महिन्यांची मुदत आहे. १८ वर्षांखालचं प्रत्येक जण यात मूल धरलं आहे, म्हणजे आमची अख्खी शाळा. मुलांबाबतच्या जबाबदाऱ्या मोडल्या तर दंडाची कमाल मर्यादा २०० कोटी रुपये, सुरक्षेत हयगय केली तर २५० कोटी. आकडे ऐकून स्टाफरूममध्ये सगळे गप्प झाले. माझ्या मते त्याहून महत्त्वाचं कलम वेगळं आहे: माहिती ॲप कंपनीच्या सर्व्हरवर असली तरी कायद्यापुढे उत्तर शाळेनेच द्यायचं. विक्रेता ‘आमच्याकडे सगळं सुरक्षित आहे’ म्हणाला, तेवढ्यावर आपण मोकळे होत नाही.

आणि ॲप कितीही चांगलं असो, माहिती बाहेर जाते ती माणसांच्या हातून. नववी-दहावीच्या याद्यांसाठी क्लासवाल्यांचे फोन येतात, हे नाशिकच्या कुठल्याही शाळेतल्या लिपिकांना विचारा. आता यादी एक्सेलमध्ये उतरवायचा अधिकार फक्त मुख्याध्यापकांकडे ठेवला आहे. फाटकाशी एखादी आई म्हणते, ‘मॅडम, त्या मुलाच्या आईचा नंबर द्या ना, वही घ्यायचीय.’ मी म्हणते, ‘ताई, तुमचा नंबर मी त्यांना कळवते, त्या फोन करतील.’ आजवर कुणी रागावलेलं नाही.

कागदी जनरल रजिस्टरला, म्हणजे शाळेच्या प्रवेशनोंदवहीला, हा कायदा लागत नाही असं आमच्याकडे एक सर ठासून सांगत. कागदावर असेपर्यंत खरंच लागत नाही. पण दाखल्यासाठी त्याच पानाचा मोबाइलवर फोटो काढला की ती माहिती डिजिटल झाली आणि कायद्याखाली आली. असे फोटो शिक्षकांच्या खासगी फोनमध्ये, घरच्यांच्या फोटोंशेजारी वर्षानुवर्षं पडून असतात. ते काढूच नयेत असं ठरलंय. अडलंच तर कार्यालयातला स्कॅनर वापरायचा.

संमतीच्या पानावर मात्र मी या ॲपवर नाराज होते. पालकांसमोर लांबलचक इंग्रजी मजकूर आणि खाली ‘मान्य’चं बटण. पेठ-सुरगाण्याकडून आलेल्या, घरात एकच फोन असलेल्या बापाने ते दाबलं तर त्याला संमती कसं म्हणायचं? कायद्यात इंग्रजी किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या २२ भाषांपैकी कुठल्याही भाषेत मजकूर वाचायचा पर्याय द्यायला सांगितलं आहे. लेखी मागणी केल्यावर, बऱ्याच पाठपुराव्यानंतर, मराठी मजकूर आला. तोही बोजड होता, म्हणून पालकसभेत आम्ही तो सोप्या शब्दांत वाचून दाखवला. स्नेहसंमेलनाच्या फोटोंची परवानगी वेगळी विचारली. काही पालकांनी नाही म्हटलं, तेव्हा त्या मुलांचे फोटो कुठेच टाकले नाहीत.

बसचा माग दाखवणारी सोय चांगली आहे. येण्या-जाण्याच्या प्रवासात सुरक्षेसाठी मुलांचं ठिकाण पाहायला नियमांत सूट आहे. ॲप मात्र पालकांच्या फोनमध्येही ‘सदैव लोकेशन’ आणि संपर्कयादी मागतं. नाकारलं तरी सगळं चालतं, हे आम्ही तपासून पालकांना सांगितलं.

शाळा सोडून गेलेल्या मुलांची पानं अजून ॲपमध्ये आहेत. जनरल रजिस्टर कायमचं असतं, पण दाखला दिल्यावर मुलाचं बँक खातं आणि फोटो ॲपमध्ये ठेवायचं कारण उरत नाही. पुसायचं बटण शाळेकडे नाही, प्रत्येक वेळी कंपनीला मेल करावा लागतो.

ॲपच्या कराराचं नूतनीकरण एप्रिलमध्ये आहे. हजेरी आणि नोंदींमुळे मी होकाराच्या बाजूने आहे, पण तीन गोष्टी करारात लेखी हव्यात: पुसायचा अधिकार शाळेकडे, माहिती फुटली तर कंपनीने आम्हाला त्याच दिवशी कळवायचं, आणि ॲप सोडलं तर सगळी माहिती परत देऊन त्यांच्याकडची नष्ट करायची. माहिती फुटल्याचा तपशील या कायद्याखालच्या डेटा संरक्षण मंडळाला द्यायला ७२ तासच मिळतात, पालकांना तर विनाविलंब सांगायचं असतं. पहिल्या दोन गोष्टी विक्रेत्याने मान्य केल्या आहेत. तिसरीवर बोलणं चालू आहे, आणि ती मिळाल्याशिवाय सही करू नये असं मी मुख्याध्यापकांना कळवलं आहे.